तोळाभर जीव

माझ्या हातात मेलेला पहिला पक्षी म्हणजे एक झेब्रा फिंच. नर होता. लाल चोच, गालावर नारिंगी ठिपका, गळ्याखाली काळे-पांढरे बारीक पट्टे. वर्ध्यात स्वतःचा दवाखाना टाकून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ ओढणीनं झाकलेला पिंजरा घेऊन आले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीवर, लोक जिला शकुंतला म्हणायचे तिच्यावर, उमेदीची काही वर्षं काढलेली. "दोन दिवस झाले जी, तोंड वासून रायला," एवढंच ते म्हणाले.

मी पिंजऱ्याचं दार वर सरकवलं आणि हात आत घातला. पक्षी तारांवर आपटत दोनदा गोल फिरला आणि कोपऱ्यात सापडला. मुठीत धरून मी त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. काहीतरी फडफडल्यासारखं ऐकू आलं, मग काहीच नाही. मान माझ्या बोटावर कलली. सगळं मिळून एक मिनिटही झालं नसेल.

"मी जोरात धरलं नव्हतं," मी म्हणालो. डॉक्टरानं बोलू नये असं वाक्य.

"जोरात नाई धरलं जी," ते शांतपणे म्हणाले. "पण धरलं."

खरं सांगायचं तर, धरणं हीच तोवर माझी सारी विद्या होती. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो आणि आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यात गवळाऊ जनावरांमागे फिरलो. हेटीकुंडीच्या सरकारी फार्मवर या जातीची पांढरीशुभ्र, उंच जनावरं पाहिली. तिथं उपचाराची सुरुवातच धरण्यानं होते. नाकपुडीत दोन बोटं घाला, वेसण आवळा, खोड्यात उभं करा, शेपटी एकानं वर धरा, मग बाकीचं. चारशे किलोंचा बैल एकदा नीट धरला की निम्मं काम झालं. त्याच हातांनी मी बारा-तेरा ग्रॅमचा पक्षी धरला. जुन्या मापानं सांगायचं तर एक तोळा.

त्या रात्री कॉलेजची पुस्तकं काढली. पक्ष्यांच्या श्वसनाचा धडा परीक्षेपुरता वाचलेला होता. आता तो नव्यानं समजला. आपल्या छाती-पोटामध्ये श्वासपटल असतं, ते खाली-वर होतं आणि फुप्फुसं फुगतात. पक्ष्याला असं श्वासपटल नाही. त्याची फुप्फुसं पाठीकडच्या बरगड्यांत घट्ट रुतून बसलेली, जवळजवळ न हलणारी. हवा खेळवतात त्या हवेच्या पातळ पिशव्या. बहुतेक पक्ष्यांत त्या नऊ असतात. लोहाराच्या भट्टीला पुढं एक आणि मागं एक असे दोन भाते जोडले तर भट्टीला वारा कधी तुटणार नाही, तशी ही रचना. पहिल्या श्वासात हवा मागच्या पिशव्यांत जाते, उच्छ्वासाबरोबर ती फुप्फुसांत येते, दुसऱ्या श्वासात पुढच्या पिशव्यांत सरकते आणि दुसऱ्या उच्छ्वासात बाहेर पडते. हवेच्या एका घोटाला असा दोन श्वासांचा प्रवास. म्हणून तर इवलासा पक्षी तासन् तास उडू शकतो. पण हे भाते चालतात ते छातीचं हाड पुढं-मागं हलतं म्हणून. ते हलू दिलं नाही की नाक उघडं असूनही पक्षी गुदमरतो. मी त्याचा गळा दाबला नव्हता. फक्त छातीवर बोटं ठेवली होती.

आठ दिवसांनी गार्डकाका परत आले. पिंजऱ्यात त्या नराची मादी. तिचीही चोच उघडी.

"हिले हात नका लावू," त्यांनी आधीच सांगितलं. "आधी पाहा." आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या टेबलावर ठेवलं. गाडी सुटण्याची वेळ पाहत आयुष्य काढलेला माणूस. पिंजरा दोन हात लांब, दिवा एक कमी केलेला, आणि आम्ही दोघं काही न बोलता बसलो. आजारी पक्ष्याकडं पाहायला मी शिकलो ते त्या संध्याकाळी.

पहिली दोन मिनिटं काही दिसतच नाही. अनोळखी माणसं समोर आहेत म्हटल्यावर पक्षी आजार लपवतो. अंगावरची पिसं चापून बसवतो, डोळे उघडे ठेवतो, जमलं तर एक-दोन दाणेही टिपतो. रानात जो आजारी दिसतो त्याच्यावर शिक्रा आधी झडप घालतो. पिंजऱ्यात जन्मलेलं पाखरूही ही सवय सोडत नाही. लोक म्हणतात, "काल सायंकाळपर्यंत चांगला होता, सकाळी मेला." तो चांगला नव्हता. चांगला दिसत होता.

पाचव्या-सहाव्या मिनिटाला मादीचं सोंग सुटलं. पिसं फुलली, अंगाचा गोळा झाला, डोळे अर्धे मिटले. आणि मग शेपटी दिसली. प्रत्येक श्वासाबरोबर खाली-वर, खाली-वर. "सिग्नलचा हात हलते ना, तसं," काका पुटपुटले. धाप लागलेला माणूस जसा खांदे उडवतो तसा पक्षी शेपटी उडवतो. श्वासासाठी सगळं अंग कामाला लावावं लागतंय याची ती खूण. काका घड्याळाकडं बघत होते, मी मोजत होतो, आणि माझी मोजणी दर वेळी चुकत होती. निवांत बसलेल्या फिंचचे श्वास मिनिटाला नव्वद ते एकशेदहाच्या घरात असतात. तेवढे मोजतानाही जीभ अडखळते. आता मोबाईलवर संथगतीचा व्हिडिओ काढून मोजता येतं. तेव्हा आम्ही पंधरा-पंधरा सेकंद मोजून चारानं गुणत होतो.

पुढं खुणांची एक उतरंड माझ्या डोक्यात पक्की झाली. आधी नराचं गाणं कमी होतं. मग तो चोच दांडीवर वारंवार पुसतो, शिंकतो, नाकपुडीवरची पिसं ओलसर मळकी दिसतात. मग शेपटी हलते. मग चोच उघडी राहते, मान वर ताणली जाते. शेवटी तो दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसतो. तळाशी बसलेल्या पक्ष्याकडं वेळ फार थोडा असतो, कारण एवढ्या लहान देहात शिल्लक काहीच नसते. एक दिवस दाणा चुकला तरी तो वाचेल याचा भरवसा नाही. उडून आल्यावर धाप लागणं निराळं. ती दोन-तीन मिनिटांत बसायला हवी. बसली नाही तर समजावं.

आजार दिसला, पण कारण? मी काकांना पिंजरा घरात कुठं असतो ते विचारलं. "देवघराच्या वर. तिनंच टांगला होता." तिनं म्हणजे त्यांच्या पत्नीनं. त्यांना जाऊन तीन-चार महिने झाले होते. तेव्हापासून देवघराशेजारी त्यांच्या फोटोला सकाळ-संध्याकाळ उदबत्ती आणि धूप, रात्री त्याच खोलीत मच्छरांची कॉइल. धूर वर जाणार आणि वर पिंजरा. ज्या हवेतून प्राणवायू काढण्यात हा पक्षी आपल्यापेक्षा कितीतरी पटाईत, त्याच हवेतलं विषही तो तितक्याच चोखपणे ओढून घेतो. मी एवढंच म्हणालो, "काका, पिंजरा पडवीत हलवू." त्यांना कारण सांगावं लागलं नाही. मादीला मी ठेवून घेतलं. तिचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

त्यानंतर वर्ध्यातले फिंच पाळणारे हळूहळू माझ्याकडं येऊ लागले. आपल्याकडं हे पक्षी ऋतू पाहून आजारी पडतात, हे ध्यानात आलं. मे महिन्यात, नवतप्याच्या आसपास, पारा पंचेचाळीसच्या पुढं गेला की निम्मे फोन "तोंड वासलंय" असेच असतात. तेव्हा मी विचारतो, पंख अंगापासून लांब धरलेत का? पक्ष्याला घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. अशा वेळी औषध नको. सावली, पसरट भांड्यात आंघोळीपुरतं साधं पाणी, ओलं पोतं खिडकीला. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नये. गारव्याला नेल्यावर अर्ध्या तासात चोच मिटली तर ऊन होतं. मिटली नाही तर रोग आहे.

विदर्भात उन्हाळा म्हटला की कूलर आलाच, आणि पिंजरा कूलरच्या तोंडाशी. गेल्या वर्षीच्या कुबट गवताच्या ताट्या, त्यांतून येणारी बुरशीची हवा. पुढं पावसाळ्यात राळ्याच्या, म्हणजे दुकानदार जिला कांगणी म्हणतात तिच्या पिशवीला ओल लागते. दाण्याला मातकट वास आला की तो टाकायचा, वाळवून परत घालायचा नाही. ॲस्परजिलस नावाची बुरशी हवेच्या पिशव्यांत घर करते आणि तिथं रक्तपुरवठा एवढा तुटपुंजा की औषध पोचता पोचत नाही. आवाज बसतो, वजन उतरतं, महिनाभर पक्षी झिजतो. अशा पक्ष्यांपैकी फार थोडे माझ्या हातून वाचले. हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगायला मला बरीच वर्षं लागली. आशा लावणं सोपं असतं.

दम लागला म्हणजे छातीच बिघडली असंही नाही. अंडं अडकलेली मादी तळाशी बसून अशीच धापा टाकते. शेपटीखालचा भाग फुगलेला दिसतो. तिला ऊब आणि घाई दोन्ही लागतं. वर्षानुवर्षं नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या पक्ष्याला जीवनसत्त्व अ कमी पडतं, नाका-घशाचं अस्तर खरबरीत होतं आणि साधा जंतूही आत शिरतो. पालकाची, मेथीची धुतलेली चार पानं रोज पिंजऱ्यात खोचली असती तर माझे बरेच रोगी माझ्यापर्यंत आलेच नसते.

एक सकाळ विसरता येत नाही. शहरातल्याच एका घरातून फोन आला, पाच फिंच एकामागून एक पडताहेत. मी पोचेपर्यंत चार गेले होते. पिंजरा स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि शेगडीवर रिकामा नॉनस्टिक तवा. दूधवाला आला म्हणून मोठ्या आचेवर विसरलेला. त्या लेपाला पीटीएफई म्हणतात. तो अति तापला की त्यातून निघणारा वायू माणसाला फारसा जाणवतही नाही, पण पक्ष्याच्या फुप्फुसांत काही मिनिटांत रक्त उतरतं. पाचवा पक्षी मी अंगणात नेला. तोही दुपारी गेला. त्या ताई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मला तर काहीच वास नाही आला!" खरंच आला नसेल. शेजारी चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी नेत ते याचसाठी. जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही युक्ती सुचवली आणि 1986 पर्यंत ती चालू होती. कार्बन मोनॉक्साइडनं माणसाच्या आधी कॅनरी कोसळायची. काही पिंजऱ्यांना तर छोटी प्राणवायूची नळकांडी जोडलेली असे, पक्षी कोसळला की त्याला परत शुद्धीवर आणायला. त्या ताईंच्या घरात पाळण्यात चार महिन्यांचं बाळ होतं, हे मला निघताना दिसलं.

हिंगणघाटचा एक तरुण जिनिंगच्या हंगामात कामाला असे आणि उरलेला वेळ त्याच्या गोल्डियन फिंचला. हिरवा-जांभळा-पिवळा, रंगपेटी सांडल्यासारखा हा ऑस्ट्रेलियन पक्षी. "सर, नर गाणं विसरले," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं, रात्री पंखा बंद कर, पिंजऱ्यावर चादर टाक आणि कान लावून बस. दुसऱ्या दिवशी त्यानं आवाजाची नक्कल करून दाखवली. टिक्, टिक्, टिक्. नखानं नख वाजवावं तशी.

तो आवाज श्वासनलिकेतल्या किडीचा. स्टर्नोस्टोमा ट्रेकियाकोलम हे तिचं नाव. 1948 साली लॉरेन्स यांनी ती शास्त्रात नोंदवली. खसखशीहून बारीक, आठ पायांची, तिचा सारा संसार पक्ष्याच्या श्वासमार्गात. आई-बाप पिलाला दाणा भरवतात तेव्हाच ती पिलाच्या घशात उतरते. गोल्डियन आणि कॅनरी हिचे लाडके. इथं मात्र हात लावावा लागतो. पण आता मी सगळी तयारी आधी करतो, मग दिवा मालवतो. अंधारात पक्षी उडत नाही. मान दोन बोटांच्या मध्ये, पाठ तळहातात, छातीवर काही नाही. मानेवरची पिसं ओली करून मागून बारीक टॉर्च धरला की नळी उजळते आणि तिच्यात काळे ठिपके हलताना दिसतात. दिसले नाहीत म्हणजे नाहीत असं नव्हे. खोल असू शकतात. वीस सेकंदांत पक्षी परत पिंजऱ्यात.

औषध आयव्हरमेक्टिन, आणि हेच सगळ्यात धोक्याचं. गुरांच्या गोचिडांसाठी ते गावोगाव मिळतं. मी हिशेब मांडून दाखवतो. त्या एक टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम औषध. किलोला शून्य पूर्णांक दोन मिलिग्रॅम या मानानं तीनशे किलोंच्या गाईला सहा मिली. त्याच मानानं बारा ग्रॅमच्या फिंचचा वाटा काढला तर एका मिलीत चार हजारांवर फिंच येतात. बाटलीतला एक थेंब चोचीत टाकणारा माणूस दोनशे पक्ष्यांचा डोस एकाला देतो. आणि देणारे असतात. म्हणून मी ते स्वतः योग्य द्रावकात पातळ करून मानेमागच्या उघड्या कातडीवर अगदी इवला थेंब लावतो, ठरावीक दिवसांनी पुन्हा, आणि एका पक्ष्याला नव्हे, पिंजऱ्यातल्या सगळ्यांना. किडी फार असतील तर मेलेल्या किडीच नळीत अडकून पक्षी दगावू शकतो, हेही आधी सांगतो. हिंगणघाटच्या अकरांपैकी दोन तसे गेले. उरलेल्यांतला एक नर महिन्याभरानं गायला लागला, तेव्हा त्या पोट्ट्यानं मला फोन लावला आणि स्वतः काही न बोलता फोन पिंजऱ्याजवळ धरला.

कधी कधी कोणी आठवडी बाजारातून "रंगीत फिंच" म्हणून पिशवीत पाखरू आणतं. बोट ओलं करून पंखावर फिरवलं की रंग बोटाला. खाली आपली मनोली निघते. झेब्रा फिंच आणि मनोली एकाच कुळातले, पण कायद्यात फार अंतर: आपले रानपक्षी पकडणं, विकणं, पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. जाळ्यात, पोत्यात, रंगाच्या वासात दोन दिवस काढलेल्या त्या पाखराला दम लागलेला असतो यात नवल ते काय? त्याला ऊब आणि अंधार देतो आणि वनविभागाला कळवतो. आणि एकाच घरातले बरेच पक्षी अचानक मेले तर कोणालाही हात लावू देत नाही. पशुसंवर्धन विभागाला फोन. 2006 साली नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला तेव्हापासून ही शिस्त आम्हा सगळ्यांच्या अंगात भिनली आहे.

आता आर्वीहून कोणी एसटीनं पिंजरा घेऊन निघतो म्हटलं तर मी थांबवतो. आधी दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, लांबून काढलेला, आवाज बंद न करता. उरलेलं खोकल्याचं औषध पाजू नका, छातीला मलम चोळू नका. पाण्यात जंतुनाशक कालवून ठेवू नका. आजारी पक्षी पाणीच कमी पितो, मात्रा पोटात किती गेली ते कळत नाही. एक खोकं घ्या, तीन बाजू झाका, एका कडेला बल्ब लावा म्हणजे नको झालं तर पक्ष्याला दुसऱ्या कडेला सरकता येईल. आत तीस अंशांच्या आसपास ऊब. दाणा-पाणी तळाशी, त्याच्या चोचीजवळ. मग त्याला एकटं सोडा. लोकांना हे शेवटचं फार जड जातं. दर पाच मिनिटांनी झाकण उघडणारं प्रेम मी पुष्कळ पाहिलंय.

गार्डकाकांच्या मादीला मी असंच ठेवलं होतं. डिसेंबरची रात्र, सिरिंजची खोकी ज्यात येतात तो रिकामा पुठ्ठ्याचा डबा, चाळीसचा बल्ब. काका घरी जायला तयार नव्हते. नऊ वाजता श्वास एकशेसाठ. दहाला एकशेचाळीस. अकराला एकशेवीस. मला बरं वाटायला लागलं तसे काका म्हणाले, "कमी होऊन रायले की सरून रायले?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. थकलेल्या पक्ष्याचे श्वासही असेच उतरतात. झाकण उचलून तिला हातात घेऊन पाहावं, पाठीला कान लावावा, असं बोटांना आतून होत होतं. मी हात मांडीखाली घालून बसलो. खरोखरच बसलो, काका माझ्याकडं बघून हसले.

रात्री कधीतरी डुलकी लागली. जाग आली ती काकांनी कोपर मारल्यानं. फटीतून पाहिलं तर मादी तळावरून खालच्या दांडीवर आली होती. चोच बंद. पाठीवरचं एक पीस तिनं चोचीत धरून नीट केलं, मग दुसरं. शेपटी मात्र एकदा खाली आली ती तिथंच थांबली.

"सिग्नल पडला," काका म्हणाले, आणि टेबलावरचं घड्याळ उचलून मनगटाला बांधलं.